बिनलाटेची बोट

आर्डिस नाइगार्डच्या बोटीला लाट येत नव्हती.

यात बोटीचा दोष नव्हता. १९८६ साली ज्यांनी ती बांधली, त्यांनी सगळी अक्कल पणाला लावून, लाट येऊच नये अशा बेताने ती बांधली होती. इंजिन बरोबर मध्यभागी, तळ सपाट, वजन बेताचं. त्या काळी लोक बोटीमागे दोर धरून स्कीच्या अरुंद फळ्यांवर घसरत आणि त्यांना मागचं पाणी इस्त्री केल्यासारखं लागे. पुढे जग बदललं. लोक एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहू लागले. त्याला वेकबोर्ड म्हणू लागले. बोटीमागची लाट आता अडचण राहिली नाही, हवेत उडायची पायरी झाली. माणसं बदलली, फळी बदलली, पण एकोणीस फुटी बोटीला हे कोणी कळवलं नाही. ती आपली प्रामाणिकपणे पाणी सपाट करत राहिली.

आर्डिसचं वय एकसष्ट. चौतीस वर्षं तिने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले होते. विहिरींचे, नळांचे, मिनेसोटातल्या अर्ध्याअधिक तळ्यांचे. बोलायची कमी, लिहून ठेवायची जास्त. गुडघ्याने स्कीला नकार दिल्यावर ती वेकबोर्डवर उभी राहिली, आणि तिला ते आवडलं. एवढ्यावर हे थांबलं असतं. पण चार जुलैला लिटल पर्च तळ्याकाठच्या सगळ्या केबिनवाल्यांचं जेवण असतं, आणि तिथे ड्वेन होता.

ड्वेन म्हणजे आर्डिसच्या धाकट्या बहिणीचा, लवॉनचा नवरा. तळ्याकाठची केबिन वडिलांनी दोघी बहिणींच्या नावे निम्मी-निम्मी ठेवली होती. धक्का एक. बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायची लिफ्टही एकच, आणि गेली पंचवीस वर्षं तिच्यावर आर्डिसची बोट. ड्वेनला तिथे पोंटून आणायची होती. पोंटून म्हणजे पाण्यावर तरंगणारा दिवाणखाना. गाद्या, छत्री, मांस भाजायची शेगडी, पेले ठेवायला खोबणी. ती ताशी पाच मैलांनी जाते आणि तिच्यात बसलेल्या माणसाला कुठे जायचंही नसतं.

"आर्डिस," हॉटडिशमधला, म्हणजे तिकडच्या भट्टीत भाजलेल्या मांस-भाजीच्या मिश्रणातला, बटाट्याचा खरपूस थर चमच्याने उचलत ड्वेन सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या बोटीमागे जेवढी लाट येते ना, तेवढी माझ्या कॉफीत येते. साखर ढवळताना."

मंडळी हसली. म्हणजे त्या भागात चारचौघांत जेवढं हसणं शोभतं, तेवढी हसली.

"लाट करता येते," आर्डिस म्हणाली.

"कशी?"

"वजनाने. बोट जेवढी खोल बसेल तेवढं पाणी बाजूला सारेल. सारलेलं पाणी कुठेतरी जाणारच ना."

"बरं, झाली लाट. उडणार कोण तिच्यावरून?"

"मी."

"तू?" ड्वेनने चमचा खाली ठेवला. "अगं, परवा खुर्चीवरून उठताना 'आई गं' म्हणालीस."

"खुर्चीला दोर नव्हता."

"ड्वेन, गप्प बस," लवॉन म्हणाली. "आर्डिस, तू पण."

पण दोघं गप्प बसायच्या पलीकडे गेली होती. तिथल्या तिथे, पंधरा साक्षीदारांसमोर आणि तीन तऱ्हेच्या जेलीच्या साक्षीने ठरलं. लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारपर्यंत, आर्डिसने त्याच बोटीमागे वेकबोर्डवरून लाटेच्या एका कडेवरून उडायचं आणि दुसऱ्या कडेपलीकडे उतरायचं. मधल्या पाण्याला फळी टेकली तर ते धरायचं नाही. जमलं तर लिफ्ट तिची, आणि पोंटूनचा शब्द पुन्हा निघणार नाही. नाही जमलं तर बोट विकायची.

घरी परतताना लवॉन म्हणाली, "तुला वेड लागलंय."

"असेल. पण बोट विकली जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिसने तळ्यात नांगरलेल्या पोहायच्या तराफ्यावर एक उभी काठी बांधली. काठीवर इंचाइंचाच्या खुणा रंगवल्या. लवॉनने बोट ताशी वीस मैलांनी, काठीपासून तीस फुटांवरून नेली. लाट नऊ इंच. आर्डिसने वहीत लिहिलं: नऊ. खाली एक रेघ मारली. रेघ जरा जोरात मारली गेली.

आता वजन. या बाबतीत तळ्यावर सल्लागारांची टंचाई नव्हती. शेजारच्या केबिनमधला मर्लिन पिटिला रस्तेखात्यातून निवृत्त झाला होता आणि कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर काँक्रीट असे.

"चार ठोकळे टाक मागे. मी देतो."

"बोट बुडाली तर तरंगतील का ते?"

"नाही," मर्लिन विचार करून म्हणाला. "पण जागचे हलणारही नाहीत."

पलीकडचा हारलन दरवर्षी तळ्यावरचे लून पक्षी मोजायचा. धिप्पाड, पावणेतीनशे पौंडांचा, अत्यंत हळुवार माणूस. लाट शब्द ऐकून त्याने दुर्बिणीची काच पुसली आणि म्हणाला, "जरा वेगळंच आहे हं हे." बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण त्या मुलखात 'जरा वेगळंच आहे' याच्यावर शिवी नाही.

दुकानात पाण्याने भरायच्या खास पिशव्या मिळत. पण या बोटीच्या मागच्या बाकाखालून धुराचे दोन गरम पाइप जात होते आणि पिशवी नेमकी त्यांच्यावर रेलत होती. आर्डिसने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तळघरात कपडे धुवायला उतरली आणि जागीच थांबली.

भिंतीला टेकून मीठ उभं होतं. त्या भागात विहिरीचं पाणी इतकं जड, की ते हलकं करायचं यंत्र प्रत्येक तळघरात असतं आणि यंत्राला खायला मिठाच्या पिशव्या लागतात. प्लॅस्टिकची जाड पिशवी, शिवण पक्की, प्रत्येक बरोबर चाळीस पौंडांची. ना कमी ना जास्त. तेवढ्याच जागेत पाण्यापेक्षा वजन जास्त, आणि पाइपाच्या आजूबाजूला हवी तशी रचता येते. हिवाळ्यासाठी घेऊन ठेवलेल्या सोळा पिशव्या. सहाशे चाळीस पौंड. मोजलेलं, बांधलेलं, आकारबद्ध वजन. चौतीस वर्षं तराजूवर घालवलेल्या बाईला यापेक्षा सुंदर दृश्य दुसरं नव्हतं.

मर्लिनच्या आग्रहाखातर पहिल्या दिवशी सगळ्या पिशव्या मागे ठेवल्या. बोटीने नाक आभाळाकडे केलं. लवॉनला पुढचं तळं दिसेना, फक्त ढग दिसत होते.

"आर्डिस! मी कुठे चाललेय?"

"सरळ!"

"सरळ काय आहे?"

लाट मात्र उंच आली. पण उंच म्हणजे भिंतीसारखी, वरून फेस. आर्डिस तिच्यावर गेली आणि फळी एकीकडे, चष्म्याचा पट्टा दुसरीकडे, ती तिसरीकडे अशी वर आली. काठावरून ड्वेनने टाळ्या वाजवल्या. दोनच. त्याला तेवढ्याच पुरत.

दुसऱ्या दिवशी दहा पिशव्या मागे आणि सहा पुढच्या टोकात. नाक खाली आलं, लाट जरा लांबली, उताराची झाली. वीस मैलांऐवजी एकवीस केल्यावर वरचा फेसही गेला. दोर पासष्टाचा पन्नास फूट केला, म्हणजे दोन कडांमधलं अंतर कमी. काठीने सतरा इंच दाखवले. आर्डिसने वहीत लिहिलं: सतरा. त्या रात्री ती जेवताना एकदा आपणहून हसली. लवॉन म्हणाली, दाढ दुखतेय का?

इथे या बोटीची एक खोड सांगायला हवी. मध्यभागी इंजिन असलेली जुनी बोट पुढे जाताना वाघ असते. मागे घेताना मात्र ती कोणाचं ऐकत नाही. सुकाणू काहीही सांगो, शेपूट डावीकडेच ओढणार. पंचवीस वर्षांत आर्डिसने या खोडीची कला केली होती. ती धक्क्याला डाव्या कुशीने, तिरपी यायची, शेवटच्या क्षणी उलटा गिअर टाकायची, आणि बोट आपणहून शेपूट ओढत धक्क्याला अलगद टेकायची. बघणाऱ्याला वाटे, काय हात आहे! हात कसला, खोड होती. ओळखीची झाली की खोडही उपयोगी पडते. ड्वेनने एकदा उजव्या कुशीने आणून पाहिली होती. त्यानंतर त्याचं पोंटूनप्रेम सुरू झालं.

पण ही कला रिकाम्या बोटीची होती. सहाशे चाळीस पौंड मीठ घेऊन आर्डिस नेहमीच्या जागी नेहमीच्या वेगाने आली, उलटा गिअर टाकला, शेपूट डावीकडे गेली आणि बाकीची बोट न थांबता आपला धक्का ओलांडून मर्लिनच्या धक्क्यात घुसली. मर्लिन तिथे कॉफी पीत बसला होता. खालची एक फळी निघाली. कॉफीला लाट आली.

"आलीस का," मर्लिन म्हणाला.

"सॉरी, मर्लिन. मी दुरुस्त करून देते."

"छे छे. ती फळी अशीही जुनीच झाली होती. कॉफी घेणार?"

माणसाने आरडाओरडा केला की हिशेब मिटतो. हा समजूतदारपणा मनाला लागून राहतो. आर्डिसने त्याच दुपारी नवी फळी ठोकून दिली, आणि धक्क्याला येताना किती फूट आधी गिअर टाकायचा याचं नवं कोष्टक केलं.

जुलै असा गेला. रोज सकाळी सात वाजता, पाणी शांत असताना, लवॉन बोट चालवायची आणि आर्डिस पडायची. आधी पाठीवर पडायची, मग पोटावर. मग एका बाजूने उडून मधल्या पाण्यावर उतरायला लागली. हे पडणं नव्हतं, पण करारात बसत नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसरी कड हातभर अंतरावर आली. आणि मग, काही कारण नसताना, ते अंतर वाढायला लागलं.

काठीने सोळा दाखवले. मग पंधरा. मग तीन दिवस पाऊस पडला, आणि त्यानंतर तेरा.

आर्डिसने काठी तपासली. तराफा तपासला. तळ्याची पातळी मोजली. वेगाचा काटा दुसऱ्या काट्याशी ताडून पाहिला. लवॉनला विचारलं, तुझं वजन कमी झालंय का?

"आभारी आहे," लवॉन म्हणाली. "पण नाही."

शेवटी आर्डिसने मागचा बाक उचलला. खालच्या पिशव्यांनी माना टाकल्या होत्या. एक उचलली तर हातात नुसतं प्लॅस्टिक आलं.

जुन्या बोटीत इंजिनाचा दांडा तळातून बाहेर जातो तिथून पाणी थेंब थेंब आत येतं. यायलाच हवं, नाहीतर दांडा तापतो. त्यात पावसाचं पाणी, त्यात भिजून चढलेल्या बाईचं पाणी. हे तळात साचलं की पंप आपोआप सुरू होतो आणि बाहेर फेकतो. हे सगळं आर्डिसला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मिठाच्या पिशवीला हवा जाण्यासाठी टाचणीएवढी भोकं असतात. तिने पिशवी उजेडासमोर धरली तेव्हा ती चांदण्यासारखी लुकलुकली. पंधरा मिनिटांत हिशेब झाला. दोनशे पौंड मीठ विरघळून, पंपातून, शिस्तीत, तळ्यात गेलं होतं.

आता लक्षात घ्या, ही ती बाई होती जिने बारा वर्षं शाळाशाळांतून जाऊन सांगितलं होतं, की मुलांनो, एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं नासवतं. तिच्या हातात चमचा असायचा. मुलांना तो दिसावा म्हणून मोठा घेतलेला.

लवॉन म्हणाली, "कोणाला कळणार नाही."

"मला कळलंय."

आर्डिसने तळ्याच्या पाच जागांचे नमुने घेतले, जुन्या प्रयोगशाळेत तपासून आणले आणि केबिनवाल्यांच्या तळेसंघाच्या बैठकीत उभी राहून स्वतःच सगळं सांगितलं. तळ्याचं आकारमान, मिठाचं वजन, वाढलेलं क्लोराइड: लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहून कमी. "मोजता येत नाही एवढं कमी आहे," ती म्हणाली, "पण मी केलंय, आणि ते चूक होतं. उरलेलं मीठ बाहेर काढलंय."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळे म्हणाले, होतं असं. कोणी म्हणालं, मीठ तसं चांगलंच. एका बाईने तिच्या हातावर थोपटलं. आर्डिसला भर सभेत कोणी चोर म्हटलं असतं तरी तिने ते झेललं असतं. थोपटणं मात्र तिला चार दिवस पुरलं.

मग पत्र आलं. संघाच्या लाट उपसमितीच्या अध्यक्षा कॉरिन स्टेनबर्ग यांचं. कॉरिन पूर्वी ग्रंथपाल होती आणि अजूनही कुजबुजतच अधिकार गाजवायची. पत्रात लिहिलं होतं: 'काही बोटींमुळे काही सभासदांना थोडं वेगळं वाटत असल्याचं काहींच्या कानावर आलं आहे. तरी यापुढे कुठल्याही बोटीत लाट वाढवण्यासाठी पिशव्या, टाक्या, ठोकळे वा इतर वजने ठेवू नयेत, ही विनंती. आपल्या बोटीत अशी वजने नाहीत याची खात्री समिती स्वतः बोटीत बसून करील. तारीख: लेबर डेआधीचा शनिवार. बार मी घेऊन येईन.' बार म्हणजे लिंबाच्या वड्या. तिथे फाशी द्यायलासुद्धा कोणी रिकाम्या हाताने जात नाही.

ड्वेनने पत्र दोनदा वाचलं. "वाईट झालं," तो म्हणाला, आणि पोंटूनवाल्याला फोन लावायला बाहेर गेला.

"सोड आता," लवॉन म्हणाली. "नऊ इंचावरून कोणी उडत नाही."

"सोमवारपर्यंत मुदत आहे. शनिवारी समिती बोटीत असतानाच उडून बघेन."

"अगं, पण लाट कुठून आणणार?"

"ते माहीत नाही. पण मी धक्क्यावर असेन. फळी पायात घालून असेन. विकायची तर बोट माझ्या हातातून ओढून घ्यावी लागेल, मी नेऊन देणार नाही."

शनिवारी सकाळी समिती आली. कॉरिन, हारलन आणि मर्लिन. हे दोघेही समितीत होते, कारण त्या तळ्यावर माणसं थोडी आणि समित्या फार. साक्षीदार म्हणून ड्वेन. बोटीवरच्या पत्र्यावर क्षमता सहा माणसं असं लिहिलेलं होतं, ते कॉरिनने वाचून टिपून घेतलं. बाकाखाली पाहिलं, टोकात पाहिलं. काही नव्हतं.

बोटीत चालकाशेजारी एकच चांगली जागा. काचेआड, कोरडी, मऊ. बाकी मागचा बाक. तिथे हादरे, धूर आणि तुषार, तिन्ही फुकट.

"कॉरिन, तुम्ही पुढे बसा ना," आर्डिस म्हणाली. तिने मनापासून म्हटलं.

"अगं नको. मागे ठीक आहे."

"पण तिथे भिजाल."

"भिजायला काय झालंय? माझ्यासाठी नको तसदी."

त्या मुलखाचा एक अलिखित नियम आहे. चांगली गोष्ट पुढे आली की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग, 'बरं, एवढं म्हणताय तर' असं म्हणून घ्यायची. शेवटची वडी असो, गाडीतली पुढची जागा असो की मूत्रपिंड असो. तीनच्या आत घेणारा हावरा, आणि दोनवर थांबणारा यजमान असभ्य.

आर्डिसच्या ओठावर तिसरा आग्रह आला होता. इतक्यात कॉरिन मागे जाऊन बसली आणि बोटीची शेपूट दोन बोटं खाली गेली.

आर्डिसने ती दोन बोटं पाहिली. तोंड मिटलं.

"हारलन, तू बसतोस पुढे?" ती म्हणाली.

"छे छे."

"खरंच बस."

"नाही गं, मी इथे बरा."

ती थांबली. हारलन एक क्षण वाट पाहत उभा राहिला. जन्मभर तिसरा आग्रह ऐकलेल्या माणसाला तो आला नाही की तोल गेल्यासारखं होतं. मग तो मागे जाऊन कॉरिनशेजारी बसला. शेपूट आणखी चार बोटं गेली.

"मर्लिन, तू?"

"नको."

"बस की."

"नको नको."

आर्डिसने दोराची गाठ तपासायला घेतली. मर्लिनही मागे गेला. राहिला ड्वेन. तीन पाहुणे मागे खेटून बसलेले असताना घरच्या माणसाने मऊ जागेवर बसायचं, म्हणजे लग्नात वराच्या ताटात जेवायला बसण्यासारखं. तो मुकाट्याने मागे गेला आणि बाकासमोर जमिनीवर, वड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला. पुढची जागा रिकामी. आर्डिसने आयुष्यात पहिल्यांदा, शुद्धीवर असताना, सहा माणसांच्या बोटीत असभ्यपणा केला होता. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

लवॉनने बोट काढली, मागे दोर धरून आर्डिस. हारलन दुर्बिणीतून मागच्या तराफ्यावरची काठी पाहत होता. दोराच्या शेवटी, पन्नास फुटांवरून, आर्डिसला त्याचे ओठ दिसले. त्याने आकडा दोनदा म्हटला, कारण कॉरिनचा पहिल्यांदा विश्वास बसला नाही. एकोणीस. ते कळायला आर्डिसला दुर्बीण नको होती. लाट पायाखालीच होती, लांब, गुळगुळीत, कणखर.

पहिल्या झेपेला तिने घाई केली. मध्येच उतरली, पण पडली नाही. गुडघ्याने काहीतरी म्हटलं, तिने ऐकलं नाही. ती पुन्हा बाहेर गेली.

बोटीत मर्लिन मागे बोट दाखवून, रस्तेखात्याच्या अभिमानाने काहीतरी म्हणाला. ड्वेनने लाटेकडे पाहिलं. मग हारलनकडे. मग पुढच्या रिकाम्या जागेकडे. आर्डिसला त्याच्या चेहऱ्यावर गणित सुटताना दिसलं.

ड्वेनने हारलनच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढे बोट दाखवलं. हारलनने नाही म्हणून मान हलवली. एक.

इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता, पण आर्डिस तिथेच जन्मली होती. ड्वेनने चेहरा आर्जवी केला, पुन्हा बोट दाखवलं. हारलनने तळवा छातीवर ठेवला. दोन.

तिसऱ्याला तो उठणार. पावणेतीनशे पौंड शेपटीकडून नाकाकडे जाणार. पण बोटीतलं वजन हललं तरी ती गोष्ट तिच्या पायाखालच्या पाण्याला कळायला पन्नास फूट लागतात. एकवीस मैलांच्या वेगाने ते दीड सेकंदाहून थोडं जास्त. आर्डिसने फळीची कड पाण्यात रोवली आणि वळली.

ड्वेनने दोन्ही हात जोडल्यासारखे केले. हारलनच्या तोंडावर 'बरं, एवढं म्हणतोस तर' उमटलं आणि तो उठायला लागला. तेव्हा आर्डिस लाटेच्या माथ्यावर होती. मग ती लाटेवर नव्हती. खाली पहिली कड गेली, मग मधलं हिरवं सपाट पाणी, मग दुसरी कड, तिच्या फळीखाली, फळीला न शिवता. ती पलीकडे उतरली. वाकून, वेडीवाकडी, एक हात आभाळात, पण पायांवर. तशीच उभी राहून तिने मनात पाच मोजले आणि मग स्वतः होऊन दोर सोडला.

लवॉनने बोट वळवून तिच्याजवळ आणली आणि इंजिन बंद केलं. तळ्यावर एकदम शांतता झाली.

"आर्डिस!" लवॉन ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती ते कोणाला सांगणार नव्हती. "बरी आहेस?"

"झालं ना ते?"

"झालं!" मर्लिन म्हणाला. "दोन्ही कडा. मी पाहिलं."

"थांबा, थांबा," ड्वेन जमिनीवरून उठला. वड्यांचा डबा त्याने घट्ट धरला होता. "हे धरता येणार नाही. बोटीत वजन होतं."

कॉरिनने वहीतून डोकं वर काढलं. "कुठलं वजन, ड्वेन?"

 त्याने कॉरिनकडे पाहिलं. कॉरिन सबंध भिजली होती, तिच्या केसांची रचना एका कानावर उतरली होती, आणि ती अत्यंत शांतपणे, पेन्सिल टेकवून उत्तराची वाट पाहत होती. त्याने हारलनकडे पाहिलं. हारलन अर्धवट उभा होता, धड मागेही नाही आणि पुढेही नाही, आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत होता.

"बाकाखाली मी स्वतः पाहिलं," कॉरिन कुजबुजली. "काही नव्हतं. तुला कुठे दिसलं?"

पाणी बोटीच्या कुशीला लागून चुबुकचुबुक वाजत होतं.

"मला वाटलं," ड्वेन म्हणाला, "असेल कुठेतरी."

"कुठे?"

"वडी घेणार का कोणी?" ड्वेन म्हणाला.

कॉरिनने वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. हारलनने सुटकेचा श्वास टाकला, आणि आता एवढी सगळी चौकशी झालीच आहे तर म्हणून पुढच्या मऊ जागेकडे पाऊल टाकलं.

"बघ, वर येतेस ना?" लवॉनने शिडी खाली सोडली. "गारठशील."

आर्डिसने शिडीकडे पाहिलं. तिचा गुडघा ठणकत होता, चष्म्यावर पाणी होतं आणि नाकात अर्धं लिटल पर्च तळं होतं. तिने फळी पायाखाली सरळ केली.

"नाही," ती म्हणाली. "दोर फेक. ड्वेनला नीट दिसलं नसेल, त्याला आणखी एकदा दाखवते. आणि हारलन, बस बाबा मागेच. कोणी जागचं हलू नका."

हारलन बसला. सगळेच बसले. तिने एकदाच म्हटलं होतं, तरी बसले.